सोळाव्या शतकातला गोवा लिहिताना पाद्री आणि भट दोघेही पुठ्ठ्याचे का होतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला काय कळलंय ते तुम्हालाही दिसेल. कादंबरी १५६० च्या दशकातल्या साष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यात घडते. दोन भाऊ. थोरला कुलदेवाचं लिंग घेऊन रातोरात नदीपार अंत्रुजात (आजचं फोंडा) जातो, धाकटा जमीन राखायला मागे थांबतो आणि बाप्तिस्मा घेतो. दीडशे पानं झालीत, आणि ज्या मित्रांना वाचायला दिलीत ते म्हणतायत की पाद्री पिक्चरमधला व्हिलन वाटतो आणि भटजी देव्हाऱ्यातली मूर्ती. पिंपळाच्या पारावर दोघांचा धर्मावर वाद होतो ती पानं तुम्ही नमुन्याला दिलीत, आणि विचारलंय की पूर्व-पश्चिम संघर्ष बॅलन्स्ड कसा दाखवायचा, कुणाच्याच भावना दुखावणार नाहीत असं काही तंत्र आहे का.

शेवटच्याचं उत्तर लगेच देऊन टाकते: नाही, असं तंत्र नाहीये. मी बावीस वर्षं ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं एडिट करतेय, स्वतःच्या दोन लिहिल्यात, दोन्ही गोव्यावरच (आजोळ म्हार्दोळजवळ, त्यामुळे विषय लहानपणापासून कानावर), आणि जी कादंबरी कुणालाच दुखवू नये म्हणून लिहिली गेली ती मी आजवर शेवटपर्यंत वाचू शकलेले नाही. पण तुमचा खरा प्रॉब्लेम बॅलन्सचा नाहीचे. तुम्ही पूर्व आणि पश्चिम अशा दोन टीम मैदानात उतरवल्यात आणि आता दोघांना सारखे रन द्यायचे म्हणून धडपडताय. त्या काळात तशा टीम नव्हत्या.

बघा ना, तुमचा थोरला देव घेऊन पळतो कुठे? कुट्ठाळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा, वेर्ण्याहून म्हाळसा, हे सगळे देव जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात आले, आणि अंत्रुज तेव्हा आदिलशहाचं होतं. म्हणजे फिरंग्यांपासून वाचवलेला देव मुसलमान राजाच्या मुलखात सुखरूप बसला, ही गोष्ट तुमच्या दीडशे पानांत कुठेतरी थोरल्याच्या डोक्यात यायला हवी की नको? तो नावेत बसून तिकडच्या काठाकडे बघताना काय विचार करत असेल? आणि त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कला गोव्यावर चालून ये म्हणणारा कोण, तर होन्नावरचा हिंदू सरदार तिमय्या. दुसऱ्या बाजूलाही तेच. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषध द्यायचा, आपल्याकडच्या झाडापाल्यावर त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. माणूस मूळचा ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं (ख्रिस्ती होऊनही जुना धर्म पाळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. आता हा पूर्वेचा का पश्चिमेचा? इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात आलं तेव्हा आधी त्याचं लक्ष अशाच लोकांवर होतं, हे बऱ्याच मराठी लेखकांच्या गावीच नसतं.

आता हे मान्य करते की किती गुंता दाखवायचा हे तुम्ही कुठलं साल आणि कुठला गाव धरलाय त्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे डोळे कुणाचे आहेत त्यावर. तिसवाडीतली (गोवा शहर असलेलं बेट) देवळं १५४० च्या सुमारास पाडली, साष्टी-बार्देश पोर्तुगीजांकडे आले १५४३ मध्ये, आणि साष्टीतली देवळं पडली १५६७ च्या आसपास. म्हणजे साष्टीतल्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं पलीकडचं ऐकत ऐकत काढलीत. त्याच सत्तेनं १५२६ मध्ये तिसवाडीतल्या गावकरीचे (गावाची जमीन सामाईक सांभाळणारी संस्था, तिचे सभासद ते गावकार) जुने रिवाज लिहून काढून मान्य केले होते, म्हणजे एखादा म्हातारा गावकार १५५० मध्ये मनापासून म्हणू शकतो की अरे, हे फिरंगी कागदाचे पक्के आहेत, आपल्याला काही होत नाही. असा एक म्हातारा तुमच्याकडे हवा. त्याचं चुकलं हे वाचकाला माहिती असतं, त्याला नसतं, आणि त्या फटीत कादंबरी घडते. तुमची सगळी माणसं मात्र पहिल्या पानापासून पुढचं माहिती असल्यासारखी बोलतात.

तो पारावरचा वाद काढून टाका. असे वाद झाले नसतील असं नाही, झाले असतील, पण तीन पानं दोघं एकमेकांना मूर्तिपूजा समजावून सांगतायत त्यात कुणाचं काहीच पणाला लागत नाहीये, वाद संपल्यावर दोघं आपापल्या घरी जेवायला जातात. संघर्ष संवादातून काढून नियमात नेऊन ठेवा. १५५९ चा एक कायदा आहे, हिंदूंची अनाथ मुलं ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात ठेवायची आणि ख्रिस्ती करायची. आणि अनाथ कोण, तर पुढे पुढे बाप गेला की मूल अनाथ धरायला लागले, आई जिवंत असली तरी. म्हणजे नवरा गेला त्या रात्री बाईला रडायलाही वेळ नाही. रडण्याचा आवाज शेजारी गेला तर कळेल. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी एवढंच केलं, प्रेत आतल्या खोलीत आहे, सासू दारात बसून नेहमीसारखी तांदूळ निवडतेय, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतेय, आणि सून मागच्या बाजूनं पोराला घेऊन नदीकडे निघालीये. त्या प्रकरणात धर्म हा शब्द एकदाही नाही, आणि जी पत्रं आली त्यातली निम्मी त्याच प्रकरणावर होती.

दुसरी गोष्ट धाकट्याची, आणि इथे जरा थांबते कारण तुमची खरी कादंबरी इथेच आहे आणि तुम्ही ती थोरल्याला देऊन बसलात.

इन्क्विझिशनचा अंमल मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. हिंदूंवर कायदे होते, जुलूम होता, धर्मांतरात आडवा आलास म्हणून हिंदूही पकडले जायचे, पण तुळशीपुढे दिवा लावला म्हणून धरायचं तर आधी माणूस ख्रिस्ती असावा लागतो. म्हणजे थोरला पलीकडे गेला की सुटला. धाकटा मात्र राहिला ना, जमिनीसाठी राहिला, ख्रिस्ती गावकारांना गावकरीत अग्रक्रम होता म्हणून राहिला, त्याच्या डोक्यावर आता आयुष्यभर ते घर आहे ज्याला गोव्यात लोक नुसतं ‘व्हडलें घर’ म्हणायचे, मोठं घर, म्हणजे इन्क्विझिशनचं, पुढचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. आणि परत फिरायचं म्हटलं तर? तिकडे भावाचा उंबरा. भाऊ रडेल, पण घरात घेणार नाही, ताट वेगळं ठेवेल, पाणी वरून ओतेल.

वसईपासून तळकोकणापर्यंत ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये, विहिरीत पाव टाकला, गाव पाणी प्यायलं आणि बाटलं. खरंच कुठे कुणी टाकला का ते सोडा, गोष्ट नीट ऐका. पाव टाकणारा निघून गेला. गाव बाटलं हे ठरवलं कुणी? आजूबाजूच्यांनीच. या गोष्टीत पाद्रीचं काम एका मिनिटाचं आहे आणि शेजाऱ्यांचं चारशे वर्षांचं. हे लिहिलं तर आपल्याच लोकांना दोष देता का म्हणून तुम्हाला कुणीतरी सुनावेल, मलाही सुनावलंय, पण हे लिहिलं नाही तर धाकटा परत का येत नाही याचं कारणच उरत नाही आणि मग तो नुसता लोभी ठरतो. तुमच्या ड्राफ्टमध्ये तो तसाच झालाय बहुतेक.

आता पाद्री. माझ्या पहिल्या कादंबरीतला पाद्री हुबेहूब तुमच्यासारखा होता, उंच, निळ्या डोळ्यांचा, थंड हसणारा. साष्टीतल्या एका म्हाताऱ्या निवृत्त शिक्षिकेला मी ड्राफ्ट वाचायला दिला होता, किरिस्तांव (गोव्यातल्या ख्रिस्ती) बाई, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी समासात पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘हा आजारी पडत नाही का?’ बास, एवढंच. मला घाम फुटला. पंचविशीतला पोरगा, सहा महिने जहाजात सडून आलेला, पावसाळ्यात त्याचे कपडे वाळत नाहीत, पोट बिघडलंय, घरी पत्र टाकलं तर वर्षाला एकदाच जहाजं जातात आणि उत्तर यायला दीड-दोन वर्षं, तोवर आई आहे का गेली तेही माहिती नाही. यानं तो निर्दोष होत नाही हां. उलट असा पोरगा जेव्हा देऊळ पाडायच्या कामाला उभा राहतो आणि मनापासून समजतो की मी या लोकांना नरकातून वाचवतोय, तेव्हा जास्त भीती वाटते. व्हिलनला वाचक घाबरत नाही, त्याची सवय असते.

आणि त्याला सगळ्यात मोठी अडचण कसली, तर शब्दांची. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (त्या नावाच्या ख्रिस्ती संघाचा पाद्री) १५७९ मध्ये गोव्यात आला, पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक साष्टीतच काढली आणि क्रिस्तपुराण लिहिलं, मराठी ओव्यांत, जवळजवळ ११ हजार ओव्या, १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं. त्यात स्वर्गाला शब्द काय वापरलाय, तर वैकुंठ. दुसरं काय वापरणार? समोरच्या माणसाला कळायला तर पाहिजे. पण वैकुंठ म्हटलं की त्याच्याबरोबर आणखी कोण कोण येतं हे त्या माणसाला कळत नसेल? तुमचा पाद्री याच्या पन्नास वर्षं आधीचा आहे, त्याला तर ओवीबिवी काहीच येत नाही, दुभाष्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

एक शब्द देते, वापरा. देवचार. गोव्यातल्या हिंदू घरात देवचार म्हणजे गावाचा राखणदार, रात्री हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा. किरिस्तांव कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. तोच शब्द! कुठेतरी कधीतरी कुणीतरी हा फिरवला ना? मी तो क्षण कल्पनेनं लिहिला होता: पाद्री दुभाष्याला विचारतो की रात्री फिरतो, दिसत नाही, तुम्ही घाबरता, तो कोण? दुभाषी म्हणतो देवचार. पाद्री कागदावर लिहून घेतो. दुभाष्याला सांगायचं असतं की पाद्रे, तो आमचा आहे, पण तोपर्यंत शाई वाळलेली असते. तुमच्या पारावरच्या तीन पानांचं काम या पाच ओळींत होतं असं मला वाटतं, पटलं नाही तर सोडा.

भटजींचंही तेच. त्यांना देवाबद्दल जेवढी तळमळ द्याल तेवढीच देवळाच्या उत्पन्नाबद्दल द्या, मानाबद्दल द्या. नवीन जागी देऊळ उभं राहिलं की पहिला मान कुणाचा यावर नावेतच कुरबुर सुरू झाली असेल हो, माणसं आहेत. आणि ज्यांना त्या देवळात आत पाऊल टाकता येत नव्हतं त्यांच्यापैकी एकजण तरी हवाच. माडाला चढणारा एखादा रेंदेर घ्या. त्याला विचारा, देव गेला तेव्हा तुझं काय गेलं? त्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल किंवा ‘माझंच सगळं गेलं’ असेल, मला दोन्ही चालतील, पण विचारायला हवं. आणि बाप्तिस्म्यानं त्याचं भलं झालं असंही सोपं करू नका, कारण बामण, चारडो, सूदीर ही जातींची उतरंड इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या आतही गेलीच.

आता भावना दुखावण्याबद्दल, कारण तुम्ही तीनदा विचारलंय. जे झालं ते झालं, ते मऊ करायचं नाही. देवळं पाडली, मुलं नेली, माणसं जाळली, हे कारभारी भाषेत न लिहिता सरळ लिहा. कुंकळ्ळीचं प्रकरण घ्याल तर दोन्ही टोकं घ्या: जुलै १५८३ मध्ये गावकारांनी पाच जेझुइट मारले, त्यातला एक रुदोल्फ आक्वाविवा, जो काही महिन्यांपूर्वीपर्यंत अकबराच्या दरबारात फत्तेपूर सिक्रीत धर्मचर्चा करत बसलेला होता, आणि मग त्या गावकारांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापलं. यातलं एक सांगून दुसरं गिळायचं नाही, कुठलंही. पण आकडे घालू नका. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं आणि त्यानंतर इथल्या दप्तराचा बहुतेक भाग नष्ट केला गेला, त्यामुळे आकड्यांवर भांडणं चालूच राहणार, आणि तसंही तुमच्या धाकट्याला आकडे माहिती नाहीत, त्याला फक्त शेजारचा कोण घरी परत आला नाही ते माहितीये. आणि लक्षात ठेवा, धाकट्याचे वंशज आज तुमचे वाचक असू शकतात. ते पूर्वजाच्या बाजूनं उत्तर द्यायला कोर्टात उभे नाहीत. छापायच्या आधी दोन घरांत ड्राफ्ट द्या, एक महाजनांचं (देवळाचा कारभार बघणाऱ्या हिंदू घराण्यांपैकी), एक किरिस्तांवांचं, आणि दोघांना एकच प्रश्न विचारा की कुठल्या पानावर खोटं वाटलं. काय आवडलं नाही ते विचारू नका, त्याला अंत नाही.

शब्दांचं थोडक्यात. संवादात ‘हिंदू’, ‘भारतीय संस्कृती’, ‘पाश्चात्त्य’ हे नको, तुमची माणसं स्वतःला गावानं, कुळानं, जातीनं ओळखतात, समोरच्याला फिरंगी किंवा पाखलो म्हणतात. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवादात कोंकणी जेवणातल्या तेफळाएवढी, कळेल इतपत, आणि मागे शब्दार्थांची यादी देऊ नका. सण-रिवाजांची सालं तपासा: किरिस्तांवांनी अंगणात तुळस लावायची नाही, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत असं सांगणारा तो प्रसिद्ध हुकूम १७३६ चा आहे, तुमच्या धाकट्याला तो वाचून दाखवला तर कुणीतरी तुम्हाला पत्र लिहील. पण त्याच्याकडे असं बघा की पावणेदोनशे वर्षांनीही हे बंद करावं लागत होतं, म्हणजे तोवर चालू होतं. धाकट्याच्या घरात काय काय चालू असेल याची यादी तुम्हाला इन्क्विझिशननंच करून दिलीये.

शेवटाबद्दल तुम्ही कुंकळ्ळीच्या छत्र्यांची मिरवणूक घालायचं म्हणताय, फातर्प्याला गेलेली देवी वर्षातून एकदा बारा रंगीत छत्र्यांसह जुन्या गावी येते, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या बारा, आणि गावातले हिंदू-ख्रिस्ती दोघंही असतात. मीही बघितलीये, गुलालात भिजून आलेय, अंगावर काटा येतो. तरी शेवटी घालू नका. तिथे पोचायला त्या लोकांना चारशे वर्षं लागली आणि तुम्ही वाचकाला एका पानात पोचवणार, त्यानं धाकट्याचं दुःख फुकट जातं. मी असते तर बापाच्या मरणावर थांबले असते. बाप थोरल्याकडे, पलीकडे वारतो. निरोप येतो. धाकटा जुवारीच्या अलीकडच्या काठावर संध्याकाळी येऊन उभा राहतो, पलीकडे कुठेतरी धूर दिसतो, तो बापाचाच की कुणाच्या भाजावळीचा ते कळत नाही, आणि हातपाय धुवावेत की क्रॉस करावा हे त्याचं त्याला ठरत नाही. तिथे लेखकानं त्याला मदत करायची नाही.

सुरुवात मात्र धाकट्याच्या बायकोपासून करून बघा, तिला तुमच्या पानांत अजून नाव पण नाहीये.

आणि हो, दुसऱ्या पानावर थोरल्याची बायको सारात टोमॅटो आणि हिरवी मिरची घालतेय. मिरचीवर वाद घालता येईल, पोर्तुगीजांबरोबर ती आली होती, पण भटाच्या चुलीपर्यंत तेव्हा पोचली होती असं धरायला मी तयार नाही, मिरी घाला. टोमॅटोला मात्र वादाची जागाच नाही, तो काढा आणि भिरंडाची (कोकमाची) सोलं टाका.